झोक्याच्या टोकाला

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातला उजेड देखणा होतो, आणि त्याच सुमाराला लेकरं निघून जातात.

मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर कार्तिकातल्या सकाळी थांबलं की दोन्ही गोष्टी एकदमच दिसतात. पावसाने धुतलेली हवा, बालाघाटाच्या उतारावरचं तिरपं ऊन, फुलांवर आलेली तूर, लांब कड्यावर फिरणाऱ्या पवनचक्क्या. आणि रस्त्याने एकामागून एक जाणारे ट्रॅक्टर. ट्रॉलीत पत्र्याच्या पेट्या, बाजरीची पोती, ताडपत्र्या, पाण्याचा ड्रम, एखादी बांधलेली शेळी, आणि या सगळ्या पसाऱ्याच्या वर, सगळ्यात उंच जागी, लेकरं. गाळप हंगाम सुरू झालेला असतो. ऊसतोडीच्या टोळ्या सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुणे, पार कर्नाटकापर्यंत पांगतात. नवरा-बायको मिळून एक कोयता; आणि घरी सांभाळायला कुणी नसलं तर त्या कोयत्यासोबत त्यांचं पोर. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की मार्च-एप्रिलात माणसं परत येतात.

मी अलीकडेच माणसांचे फोटो काढायला लागले आहे, आणि मन रमलं ते उघड्यावर खेळणाऱ्या लेकरांत. फोटो शिकवणारा प्रत्येकजण हिवाळ्यातल्या उन्हाचं गुणगान करतो, ते खरंच आहे. आपला जिल्हा १९ अंश अक्षांशाच्या आसपास. डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून ४७-४८ अंशांच्या वर चढत नाही. ऊन बाजूने येतं आणि डोळ्यांत शिरतं. मे महिन्याच्या मध्याला तोच सूर्य साडेबाराच्या सुमारास नेमका डोक्यावर येतो, माणसाची सावली त्याच्या पायांखाली नाहीशी होते. तेव्हा डोळ्यांच्या जागी दोन काळ्या खोबणी आणि नाकाखाली सावलीचा डाग, एवढंच फोटोत उरतं. म्हणजे उजेड चांगला असतो तेव्हा वस्ती अर्धी रिकामी, आणि वस्ती भरते तेव्हा ऊन डोक्यावर. मधे उरतो तो श्रावण.

श्रावणात पाऊस पडो न पडो, ढग असतात. हा पर्जन्यछायेतला मुलूख. ढग येतात, रेंगाळतात, पुष्कळदा न बरसताच पुढे जातात. सगळं आभाळ पांढुरकं होतं आणि चेहऱ्यावर कुठेही काळी रेघ न पाडणारा मऊ उजेड उतरतो. आयएसओ ४००, एफ ४, शटर १/१०००, एवढं लावून ठेवलं की तासन्‌तास काही बदलावं लागत नाही, सगळं लक्ष पोरांकडे देता येतं. पण या उजेडाचा आनंद मला पुरता घेता येत नाही. ज्या दिवशी फोटो उत्तम येतात, त्या दिवशी त्याच पोराचा बाप बांधावर उभा राहून आभाळाकडे बघत असतो.

वस्तीवरच्या घरात गेलं की भिंतीवर लग्नाचा फोटो असतो, हार घातलेल्या आजोबांचा असतो, संत भगवानबाबांचा असतो. लेकरांचा नसतो. लेकरांचे फोटो पिशवीत असतात, कागदांना डकवलेले: शाळेचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, आधार कार्ड. अर्जावरचा फोटो कसा असतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. केसांना तेल, गळ्यापर्यंत बटण, मान ताठ, नजर समोर. दुसऱ्या प्रकारचे फोटो बाहेरची माणसं घेऊन जातात. २०१३, २०१६, २०१९, दुष्काळ पडला की बीडची लेकरं वर्तमानपत्रात येतात. टँकरखाली घागर धरलेली, चारा छावणीत जनावरांजवळ झोपलेली, उसाच्या फडात पाचटावर बसलेली. या फोटोंनी फार मोठं काम केलेलं आहे. कोयता म्हणजे काय, आगाऊ घेतलेली उचल म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला त्यांच्यामुळे दिसलं. ते काढणाऱ्यांविषयी मला आदरच आहे. पण ते फोटो त्या लेकरांच्या घरी कधी पोचत नाहीत. पोचले तरी आई ते भिंतीवर लावणार नाही.

मला जो फोटो काढायचा आहे तो या दोन्हींपेक्षा वेगळा. घरासाठी काढलेला, आणि ज्यात पोर आपल्या नादात आहे असा. घागर डोक्यावर घेऊन अर्धा कोस चालणारी मुलगी घागर ठेवून दुसऱ्या क्षणाला लंगडी घालायला लागते, हे इथे रोज दिसतं. तिची लंगडीही तिच्या घागरीइतकीच खरी आहे. घागरीचे फोटो पुष्कळ झाले. लंगडीचा कुणीतरी काढायला हवा.

अडचण पहिल्या मिनिटाला येते. पिशवीतून कॅमेरा निघाला की आजूबाजूचं प्रत्येक मोठं माणूस ओरडतं, ‘नीट उभा राहा!’ आणि जे पोर आत्ता टायर पळवत होतं ते भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात मांड्यांना चिकटवून, श्वास धरून उभं राहतं. त्याच्या अंगातून खेळ निघून जातो. हे ‘उभा राहा’ आलं कुठून, याचा मी बराच विचार केला. १८३९ साली फोटो काढायची पहिली रीत जगापुढे आली, तेव्हा एका फोटोला कित्येक मिनिटं लागत. मान हलू नये म्हणून मागून लोखंडी आधार लावत. तान्ह्या मुलांचे फोटो काढताना युरोपात आईच्या अंगावर कापड टाकून तिला खुर्चीसारखं बसवत आणि तिच्या मांडीवर मूल ठेवत. फोटोत मूल दिसे, आई कापडाखाली. आपला बीड जिल्हा १९४८च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात १८८५ साली लाला दीनदयाळ दरबारी छायाचित्रकार झाले, पुढे ‘राजा मुसव्विर जंग’ म्हणून नावाजले. त्यांच्या काळातल्या काचांवर राजवाडे आणि सरदार फार सुंदर उमटले, कारण राजवाडे हलत नाहीत आणि सरदारांना न हलण्याची सवय असते. पोरांना स्थिर बसवणं तेव्हा भागच होतं. आज माझ्या साध्या, जुन्या बाजारातून घेतलेल्या कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या चार हजाराव्या भागात मिटतं. कारण संपलं, पण हुकूम राहिला आहे. अर्जावरच्या फोटोने तो अजून पक्का केला.

म्हणून मी गेल्या गेल्या कॅमेरा काढत नाही. आधी बसते. जमिनीवरच बसते, कारण फोटोही तिथूनच काढायचा असतो. उभ्याने काढला की पोर खुजं दिसतं, त्याच्यामागे नुसती माती येते आणि त्याची नजर वर, आपल्याकडे मागत असल्यासारखी येते. खाली बसलं की तेच पोर आभाळासमोर येतं. बालाघाटाच्या माळावर आभाळाला तोटा नाही. गुडघ्यांना मुरूम टोचतो, तेवढं सोसावं.

मग थोडं गणित. पाच-सहा वर्षांचं पोर सेकंदाला तीन मीटर पळतं असं धरलं, तर १/१२५ शटरला ते दोन-अडीच सेंटिमीटर पुढे सरकतं. चेहरा पुसला जातो. १/१००० ला ते तीन मिलिमीटर सरकतं, चेहरा राहतो. हे झालं आडवं पळणाऱ्याचं. सरळ आपल्याकडे धावत येणारं पोर जास्त अवघड. ५० ची लेन्स एफ १.८ वर उघडली आणि पोर दोन मीटरवर असलं, तर स्पष्ट दिसणारा पट्टा वीतभरही जाडीचा नसतो. पापणी लवेपर्यंत पोर तो ओलांडून गेलेलं असतं. मागचं सगळं धूसर करणाऱ्या त्या मोठ्या छिद्राचा मोह नव्या माणसाला फार असतो. स्टुडिओत बसलेल्या माणसाला ते शोभतं. गौतम राजाध्यक्षांच्या ‘चेहरे’ मधले चेहरे बघावेत, प्रकाश कसा हळुवार ठेवलेला असतो! पण ते चेहरे थांबायला आलेले होते. पळणाऱ्याला एफ ४, एफ ५.६ अशी थोडी जागा द्यावी लागते. शिवाय मागे धूसर करण्यासारखं असतंच काय? कडब्याची गंज, बैलगाडीचं चाक, शेणाने सारवलेली भिंत. ते त्याचं घर आहे. ते दिसलं पाहिजे.

पळणाऱ्या पोरामागे लेन्स घेऊन धावण्यात अर्थ नाही, हे माझं पक्कं मत झालं आहे. पोराला जागा ठरवून द्यायची नाही. जागा आपण धरायची आणि पोर तिथे यायची वाट बघायची. माझी आवडती जागा म्हणजे शेताचा बांध. कमरेएवढा उंच, एका बाजूला भुसभुशीत रान. एका पोराने त्यावरून उडी मारली की दुसरं मारतंच, आणि एकदा मारलेली उडी लेकरं पुन्हा पुन्हा मारतात, दमेपर्यंत. मी बांधाच्या कडेवर फोकस लावून ठेवते आणि जिथे पाय टेकणार त्याच्या थोडं बाजूला, जवळजवळ आडवी होते. उडी मारणारं पोर कधी समोर बघत नाही, खाली बघतं, आपण जिथे पडणार त्या जागेकडे. म्हणून खालून बघणाऱ्यालाच त्याचे डोळे मिळतात. उडीच्या वरच्या टोकाला अंग क्षणभर थबकतं. वर जाणं संपलेलं, खाली येणं सुरू व्हायचं. तोंड उघडं, दोन्ही हात बाजूला फेकलेले, एका पायातली चप्पल निसटून वेगळीच तरंगते आहे, सदऱ्याच्या खिशातून गजगे बाहेर पडताहेत. बोट तिथे दाबायचं. म्हणजे खरं तर त्याच्या किंचित आधी, कारण बघून दाबलं तर क्षण गेलेला असतो. पोरं उडीआधी गुडघे वाकवतात आणि खालचा ओठ दाताखाली धरतात. तो ओठ दिसला की बोट तयार ठेवायचं.

फ्रान्समध्ये जाक आंरी लार्तिग नावाचा एक मुलगा होता, १८९४ साली जन्मलेला. सातव्या-आठव्या वर्षी वडिलांनी त्याला कॅमेरा दिला. त्याने आपल्या भावंडांचे उड्या मारतानाचे, पडतानाचे, हवेत असतानाचे फोटो काढले. १९०५ साली जिन्याच्या पायऱ्यांवरून झेपावलेल्या चुलत बहिणीचा त्याने काढलेला फोटो आजही बघितला की वाटतं, ती अजून जमिनीला टेकायची आहे. जगाला हे फोटो कळायला १९६३ साल उजाडलं. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ते मांडले तेव्हा लार्तिग सत्तरीला टेकला होता. उडणाऱ्या मुलांचे इतके चांगले फोटो एका मुलानेच काढावेत याचं मला नवल वाटत नाही. त्याला कुणाला उभं करायचं नव्हतं. एक उडी मारून झाली की पुढची उडी त्याची स्वतःचीच असणार होती.

इथल्या मातीचंही एक सांगायला हवं, कारण ते पुस्तकात मिळत नाही. गोदावरीकडच्या गेवराई-माजलगावच्या काळ्या रानात उजेड जमिनीत मुरतो. वरून ऊन येतं, पण खालून परत काही येत नाही. हनुवटीखाली, डोळ्यांखाली अंधार राहतो. बालाघाटावरच्या मुरमाड माळावर तोच उजेड जमिनीवर आपटून तांबूस होऊन वर येतो आणि पोराचा चेहरा खालून उजळतो. पिकाला जी जमीन हलकी, ती फोटोला भारी ठरते. काळ्या रानात मी आता कडब्याच्या गंजीजवळची किंवा चुना दिलेल्या भिंतीसमोरची जागा धरते, तेवढ्याने पुष्कळ फरक पडतो. आणि सावळ्या रंगाला प्रकाश कमी लागत नाही, नीट लागतो. ‘जरा गोरा करून द्या’ असं आया हमखास सांगतात. बाजारातले स्टुडिओ तसं करूनही देतात, डोळे-नाक पुसट होईपर्यंत. मी करत नाही. उन्हात खेळून आलेल्या कातडीला घामाची जी चमक असते, ती घालवून त्या पोराचं काय उरणार?

नागपंचमीला मात्र सगळं जुळून येतं. पंचमीला लेकी माहेरी येतात, कडुनिंबाच्या फांदीला कासरा बांधून झोके चढतात, हातावर मेंदी आणि मनगटात नव्या बांगड्या असतात. पोरी उभ्याने झोका घेतात, गुडघ्यांनी रेटा देत देत उंच जातात. मला शटरचं खरं शिक्षण झोक्याने दिलं. झोका मधे असतो तेव्हा सर्वांत वेगात असतो. तिथे १/१००० सुद्धा कमी वाटतं. टोकाला गेला की थांबतो. अगदी थांबतो. तेवढ्यात १/१२५ ला सुद्धा चेहरा स्वच्छ येतो. आणि गंमत अशी की मुलगी थांबलेली असते पण तिचे केस थांबलेले नसतात. वेण्या, रिबिनी, परकराचा घेर अजून पुढे चाललेला असतो. थांबलेला चेहरा आणि न थांबलेली वेणी एकाच फोटोत. मला एवढा आनंद दुसऱ्या कशाने झालेला नाही.

या आनंदाला लागून एक आकडा माझ्या डोक्यात असतो. २०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. राज्यात सर्वांत कमी. त्याआधी, २००१ मध्ये, हाच आकडा ८९४ होता. मी घोळक्यात बसते तेव्हा न मोजता राहवत नाही. एरवी कॅमेरा दिसला की मुलगे पुढे येतात, ‘आमचा बी काढा की ताई’ म्हणत लेन्सला नाक लावतात. मुली मागे, कडेवर धाकटं भावंड घेऊन. त्या भावंडाला खाली ठेवायला सांगितलं तर ठेवत नाहीत, ठेवलं तर ते रडतं. म्हणून आता मी सांगतच नाही. कडेवरच्या पोरासकट पळू देते. आठ-नऊ वर्षांची मुलगी, एक खांदा वर, कंबर एका बाजूला काढलेली, कडेवर गदगदा हसणारं बाळ, आणि तरीही शिवाशिवीत कुणाला हाती न लागणारी. ती पळते तशी पळायची रीत दुसऱ्या कुणाला येत नाही. मी फोटोची सुरुवात मुलींपासून करते. पंचमीला ते ठरवावं लागत नाही. झाड त्यांचंच असतं.

आईला किंवा आजीला विचारल्याशिवाय मी कॅमेरा उचलत नाही, आणि फोटो फोनवर कुठेही टाकत नाही. हे आधीच सांगून टाकते. लेकींच्या फोटोंचं पुढे काय होतं याची बापांना धास्ती असते, ती रास्त आहे. ज्यांचा फोटो त्यांच्या हातात कागदावर द्यायचा, एवढाच माझा करार.

दसऱ्यानंतर, टोळ्या निघायच्या आत, मी छापलेले फोटो घेऊन वस्तीवर जाते. लेकरं आपला चेहरा बघत नाहीत, हे मला फार शिकवून गेलं. ती पायांकडे बघतात. पाय आणि जमीन यांच्यामध्ये बोट ठेवून मोजतात. ‘माझं दोन बोटं हाय, तुझं दीडच!’ ज्या फोटोत चेहरा सुरेख आला आहे पण पाय चौकटीबाहेर गेलेत, तो त्यांच्या लेखी उडीचा फोटोच नव्हे. त्यांचं बरोबर आहे. आता मी पाय सोडत नाही.

मोठी माणसं गप्प राहून बघतात, मग कामाचं बोलतात. एका बाईने मला प्रत्येक फोटोच्या दोन प्रती मागितल्या. थोरली लेक शाळेसाठी आजीजवळ राहणार, गावात हंगामी वसतिगृह सुरू झालं तर तिथे जेवणार. धाकटा त्यांच्यासोबत जाणार. ‘एक हितं राहील, एक पेटीच्या झाकणाला आतून चिकटवते. वरून प्लास्टिक मारून द्या ताई, कोपीत लई धूर असतोय.’ बीडला जाऊन लॅमिनेशन करून आणलं तेव्हा पेट्या भरून झाल्या होत्या. धाकटा ट्रॉलीच्या फाळक्यावर बसून पाय हलवत होता. ‘तिकडं बी लई मोठाले बांध हायेत,’ तो म्हणाला, ‘तिकडं या की.’

मी त्याच्या आईला कारखान्याचं नाव विचारलं, टोळीच्या मुकादमाचा नंबर वहीत उतरवून घेतला. माणसं पहाटे अंधारातच फडात जातात, तिने सांगितलं, लेकरं मागून उठतात, तोवर कोप्यांवर ऊन आलेलं असतं. म्हणजे जानेवारीत जायचं तर आठच्या आत पोचायला हवं.